चार चाकांचं भांडण

सहदेव मिस्त्रीची पहिली ओळख झाली ती त्याच्या पायांची. बाकीचा सहदेव जीपखाली होता.

"गिअरबॉक्स उघडू नका!" मी दवाखान्याच्या पायरीवरूनच ओरडले. "दोन मिस्त्र्यांनी उघडून झालाय!"

"उघडतच नाहीये बाई," खालून आवाज आला. "त्याचा काय गुन्हा?"

हे १९५४ सालच्या डिसेंबरातलं, खडवलीचं. मी तिथल्या लहानशा दवाखान्यात नर्स होते. भातसा नदीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत आठ वाड्या होत्या, आणि तिथल्या बाळंतपणांना मला घेऊन जायला आमच्याकडे एक जीप होती. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यातली. ती घेऊन दवाखान्याला देणारे काळुरामशेट ठाण्याच्या कोपरीचे, पिढीजात मिठागरवाले. त्यांची बहीण पलीकडच्या वाडीत दिलेली, म्हणून हा जिव्हाळा. पेट्रोलही तेच द्यायचे, आणि जीपवर सत्ताही त्यांचीच.

तर ही जीप गेल्या दिवाळीपासून पिसाळली होती. तिला एक जास्तीचा दांडा होता. तो ओढला की पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळायचा आणि चारही चाकं मिळून गाडी चढणीवर नेत. पण आता दांडा ओढून थोडं अंतर गेलं की स्टिअरिंग दगडासारखं व्हायचं. वळणावर चाक वळवावं तर गाडी सरळच जायला बघायची. खालून धाडधाड आवाज यायचा, आणि दांडा परत सोडवू म्हटलं तर दोन माणसांनाही हलायचा नाही. दोन ड्रायव्हर सोडून गेले. तिसरा दौलत, आधी याच गाडीवरचा क्लीनर, तो बिचारा टिकून होता, पण आदल्या आठवड्यात वळणावर गाडी सरळ शेतात गेली. आत मी होते! दुसऱ्या दिवशी काळुरामशेटचा निरोप आला: जीप विकतोय, सोमवारी खडीवाला कंत्राटदार न्यायला येईल.

जीप गेली की पुन्हा बैलगाडी, पुन्हा चार-चार तास. त्या चार तासांत काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आठ वाड्या माझ्या हातून जाणार होत्या. मी दौलतला म्हटलं, कुठूनही, पण कोणीतरी मिस्त्री आण. रविवारी सकाळी त्यानं आणलं ते हे पाय.

सहदेव मूळचा साताऱ्याकडचा. सोळाव्या वर्षी कल्याणला आला तेव्हा लढाई चालू होती आणि छावणीच्या वर्कशॉपला माणसं हवी होती. गाड्या धुण्यापासून सुरुवात केली. तिथल्या एका पंजाबी हवालदारानं त्याला हाताशी धरलं. पलटणी गेल्या, त्या बराकींत निर्वासित राहायला आले, आणि सहदेवनं मुरबाड रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. शिक्षण चौथी. धंदा बेताचाच, कारण गाडी आली की हा माणूस आधी तासभर नुसते प्रश्न विचारायचा. गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे जायचं. त्याची बायको रखमाबाई मला पुढे एकदा म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा नाव पण विचारलं नाही ह्यांनी. गाडीला मात्र सगळं विचारतात."

त्या दिवशीही तेच. जीपखालून बाहेर आला, हात पुसले आणि दौलतला घेऊन बसला. कधी सुरू झालं? दिवाळीत. रोज होतं? दांडा ओढला तरच. चढणीवर की उतारावर? दोन्हीकडे. मी घड्याळाकडे बघत होते. दुपारी काळुरामशेट स्वतः येणार होते, आणि हा वैद्यासारखा नाडी बघत बसला होता!

मग त्यानं विचारलं, "नदीच्या वाळूत कशी चालते?"

दौलत आठवू लागला. डोकं खाजवलं. "वाळूत... वाळूत काय नाय होत, मिस्त्री. तिथं मस्त चालते."

सहदेव ताडकन उठला. "चला नदीवर!"

आम्ही गेलो. वाळूत दांडा ओढून त्यानं जीपला गोल गोल फिरवलं. लोण्यासारखी फिरली. मग तशीच वर, कडक मुरमाच्या रस्त्यावर घेतली, आणि थोड्याच वेळात धाडधाड सुरू! दांडा हलेना. दौलत दात-ओठ खाऊन ओढायला लागला. सहदेवनं त्याला बाजूला केलं, जीप चार पावलं मागे घेतली आणि दोन बोटांनी दांडा सोडवला.

"जादू आहे काय?" मी म्हटलं.

"पीळ बसलेला, बाई. मागे घेतली, उलगडला. दोरीला बसतो तसा." त्याचे डोळे चमकत होते. "ही बिघडलेली नाहीये. हिची चाकं आपसात भांडतायत. वाळूत पाय घसरतो, म्हणून भांडण मिटतं. कडक रस्त्यावर घसरायला जागा नाही. दिवाळीत हिला काय केलंत?"

दौलतनं हळूच पुढच्या चाकांकडे बोट दाखवलं. "टायर. नवे. शेटनी लावले."

आता माझ्या लक्षात आलं. ते टायर काळुरामशेटनी कुठून कुठून शोधून आणले होते. दसऱ्याला हळदकुंकू लावून, नारळ फोडून, दिवाळीत स्वतःच्या देखत पुढे बसवले. जुने दोन बैलगाडीला देऊन टाकले. पुढेच का, तर ओढणारा पुढे असतो. जन्मभर बैल बघितलेला माणूस. पुढची जोडी दांडगी हवी हे त्याला कोणी सांगायला नको होतं. आता त्याला सांगायचं होतं की तुमच्या नारळ फोडलेल्या टायरांनीच हे केलं.

काळुरामशेट दुपारी आले ते तावातच. सहदेवनं एवढंच म्हटलं, "शेट, टायरची मापं जुळत नाहीत," आणि भडका उडाला.

"मना शिकवतंस? नवी जोडी हाय! जोडी बघूनशी घेतलीय मी!"

मी मधे पडणार होते. सहदेवनं मान हलवून मला थांबवलं. खिशातून खडू काढला, पुढच्या एका चाकावर आणि मागच्या एका चाकावर, जमिनीला टेकतं तिथे, रेघ मारली. "शेट, तुमची मोजणी चुकत नाही म्हणतात. तुम्ही मागचं चाक मोजा. बाई पुढचं मोजतील. आम्ही ढकलतो."

मिठाच्या टोपल्या मोजण्यात ज्याचा जन्म गेला त्याला मोजणी नाकारता येईना. दांडा सोडलेला होता, सहदेव आणि दौलत ढकलत होते, आणि आम्ही दोघं वाकून जीपबरोबर चालत होतो, मोठ्यानं आकडे म्हणत. गाव गोळा झालं. माझे दहा झाले तशी मी "थांबा!" ओरडले. पुढच्या चाकाची रेघ बरोबर जमिनीला टेकली होती. काळुरामशेटच्या चाकाची रेघ पार वर, आकाशाकडे.

"साडेधा," ते म्हणाले. मग म्हणाले, "परत."

परत ढकलली. तिसऱ्यांदाही. साडेदहाच.

"चार बैल आहेत शेट हिला," सहदेव म्हणाला. "पुढचे दोन लांब टांगेचे, मागचे दोन आखूड टांगेचे. दांडा ओढला की चौघं एका लोखंडी जुवाला. मग फरफट कोणाची?"

काळुरामशेट चाकाकडे बघत राहिले. "माझीच चूक म्हन ना मग," ते म्हणाले, आणि आवाज पडला होता. "आता टायर कुठना आनू? उद्या तो मानूस येतंय."

"आणायचे नाहीत. पुढचं डावं मागे, मागचं डावं पुढे. दर जोडीत एक लांब, एक आखूड. एका आसावरच्या दोन चाकांचं आपसात जमवून द्यायला मधे डिफरन्शियल असतं, वळणावर तेच करतं. पुढच्या-मागच्यांत तसं काही नाही. कायमचं नाही हे, पण चार सारखे मिळेपर्यंत चालेल."

"जोडी फोडू?" शेट एवढ्यानं ओरडले की कावळे उडाले. "नारळ फोडलेली जोडी?"

आणि ते पाठ फिरवून चालू लागले. संपलं, असं मला वाटलं. रागानं रडूच यायला लागलं. सहदेवनं जॅक लावला आणि पाना चाकाजवळ ठेवून बाजूला उभा राहिला.

पंधरावीस पावलांवर शेट थांबले. परत आले. टायरला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि पाना उचलला. जोर लावला, नट हलेना.

"डाव्या बाजूचे उलटे फिरतात, शेट."

"आधी बोलाचं ना!" शेट खेकसले, आणि उलटं फिरवलं.

तासाभरात आम्ही निघालो. सहदेव स्टिअरिंगवर, शेजारी शेट, मागे मी आणि दौलत. मुरमाचा रस्ता आला, सहदेवनं दांडा ओढला. माझे कान टवकारलेले. आवाज नाही! वळण आलं, जीप वळली! नदीतून पाणी उडवत पलीकडे, आणि मग ती दगडाधोंड्यांची चढण. चारही चाकं एका दमानं वर चढत होती. दौलत वेड्यासारखा हसत होता, मी सीटची कड धरून "चल, चल, चल!" ओरडत होते. नर्सबाईंनी असं ओरडू नये, पण ओरडले. वर पोचताच सहदेवनं दोन बोटांनी दांडा सोडवून दाखवला. विकणार की नाही, हे शेटना विचारायचा धीर मला होईना.

तेवढ्यात वाडीतून एक बाई धावत आली. तिची सून कलावती सकाळपासून अडली होती, आणि घरचे तिला उचलून न्यायला झोळीची काठी शोधत होते. मी जाऊन तपासलं. मूल आडवं होतं, कल्याणच्या इस्पितळाशिवाय गत्यंतर नव्हतं. कलावतीला मागे निजवलं, डोकं सासूच्या मांडीवर, मी पायाशी. दौलत बाहेर लटकला. तरी पोरीला पाय पसरायला जागा होईना.

काळुरामशेट खाली उतरले. पुढची सीट स्वतःच्या हातानं दुमडली आणि तिचे पाय नीट घेतले. जीप विकायला आलेला तो साठीचा माणूस आता चार मैलांची उतरण पायी जाणार होता.

"शेट, तुम्ही?" सहदेवनं विचारलं.

"माझा काय बघतंस? गारी काढ!"

कलावतीला मुलगी झाली, आणि दोघी वाचल्या. सोमवारी खडीवाला आला तेव्हा जीप अजून कल्याणला इस्पितळाच्या दारात उभी होती, आणि शेट सुजलेले पाय गरम पाण्यात घालून दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवून दिलं.