धुळ्याहून आणलेली गाडी
उकळत्या कूलंटचा गोडसर वास आला की मला वडिलांची पहिली गाडी आठवते. वडील एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं त्यांनी लोकांची ने-आण केली, पण स्वतःची गाडी निवृत्तीनंतरच घेतली, तीही जुनी, धुळ्याहून. मी वॉरंटीचं विचारलं, तर विकणारा हसून म्हणाला, "नानांनी स्वतः इंजिन ऐकलंय, आणखी काय हवं?" त्या कौतुकाने वडील फुलले आणि 'जशी आहे तशी घेतली' या ओळीखाली त्यांनी सही केली. आईला घेऊन आम्ही चोपड्याकडे घरी येताना अमळनेर ओलांडलं आणि भर उन्हात बॉनेटमधून वाफ उसळली. रस्त्यावरच्या मेकॅनिकने सांगितलं, "इंजिनचं हेड गेलंय, नाना. आवाज दबावा म्हणून जाड ऑइल भरलंय." विकणाऱ्याला फोन लावला, तर त्याने सहीची आठवण करून दिली. वडील मान खाली घालून आईला म्हणाले, "तू एस्टीमा जाय." शेवटी केळीच्या ट्रॅक्टरला गाडी दोराने बांधली, तरी आई पुढच्या सीटवरून हलली नाही. "वढत का व्हयेना, तुमनी गाडीमा बठीसनच घर जासू," ती म्हणाली. गावात शिरताना लोक ओट्यांवर उभे राहून बघत होते आणि ती पदर सावरून ताठ बसली होती. गेल्या वर्षी मी जुनी गाडी घ्यायला निघालो, तेव्हा वडील म्हणाले, "माले नको लई जाऊ, मना कान चुकना व्हता." मी मेकॅनिकला सोबत घेतलं, वॉरंटी लिहून घेतली, पण वडिलांनाही नेलंच, आणि गाडी चालवून बघायची वेळ आली तेव्हा किल्ली त्यांच्याच हातात दिली.