आवडाबाईची सावड

तळखार गावाच्या खारीत आवडाबाईचा तुकडा अगदी टोकाला होता. तिच्या बांधाला लागून तिवरांची रांग आणि तिवरांपलीकडे धरमतरची खाडी. नवरा कान्हा स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी तापाने गेला. मागे तुकडा राहिला, दोन खोल्यांचे पेंढ्याने शाकारलेले घर राहिले आणि सहा वर्षांची मुलगी कमळ राहिली.

खारीतले शेत एकट्याचे नसते. समुद्राकडून हिसकावलेली ती जमीन. बांध आहे तोवर भात, बांध फुटला की खारे पाणी. त्यामुळे अलिबागच्या उत्तरेकडच्या या गावांत माणसे एकमेकांना धरून राहत आणि त्या धरून राहण्याला सावड म्हणत. सावड म्हणजे दिवसाला दिवस. आज मी तुझ्या लावणीला आले, उद्या तू माझ्या. पैसा नाही, लिहिणे नाही. कोणाचा किती दिवस कोणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि दिवस बुडवला अशी बोंब ज्याच्या नावाने झाली त्याच्या मुलीला स्थळ मिळत नसे.

विधवा झाल्यावर आवडाबाईला हळदीला कोणी बोलावत नसे. सकाळी कोणी कामाला निघाला असता ती समोर आली तर माणूस क्षणभर थांबून मग पाऊल उचले. लावणीच्या ओळीत मात्र हे काही चालत नव्हते. गावातला मोठा शेतकरी चांगदेव, कान्हाचा चुलतभाऊ. त्याच्या बायकोचा एक दिवस तो एक दिवस, आणि आवडाबाईचाही एकच. गावात तिला बरोबरीची जागा होती ती एवढीच, आणि ती तिने जिवापाड सांभाळली. कोणी बोलावले आणि ती गेली नाही, असे झाले नाही.

तिचा तुकडा लहान. लावणी ती आणि कमळ दोघींतच उरकत. त्यामुळे तिचे दिवस लोकांकडे साठत गेले.

शेजारची सखुबाई म्हणायची, “गो आवडे, बोलव की एकदा सगल्यांना. मरताना गाठोडं बांधून नेनार काय?”

“बोलवीन. बांध उंच करायचा हाय. एकदाच बोलवीन.”

खाडीकडचा बांध कान्हाच्या हातचा होता आणि वर्षाला थोडाथोडा बसत चालला होता. साठलेले दिवस ही तिला आपली पुंजी वाटे. भात कमी आले, अंगावरचे लुगडे विरले, तरी तिला आतून एक धीर असे: अर्धे गाव माझे देणे लागते.

१९५८ साली भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला बांध दोन जागी फुटला. मोठी खांड उघाडीपाशी, म्हणजे खारीतले पाणी खाडीत सोडायच्या दारापाशी, आणि धाकटी आवडाबाईच्या टोकाला. पोटरीला आलेले भात खाऱ्या पाण्यात उभे राहिले.

गाव हबकले, पण गोंधळले नाही. उधाण ओसरले आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती आली. या दिवसांत पाणी फार चढत नाही, आणि खांड बांधायची ती याच दिवसांत. तीही एका दमात. ओहोटी लागली की माणसे उतरायची, चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे, मध्ये पेंढा आणि बांबू दडपायचे, आणि पुढची भरती यायच्या आत बांध पाण्याच्या वर काढायचा. अर्धा राहिला तर भरती तो धुऊन नेते आणि खांड पहिल्यापेक्षा रुंद होते. उघाडीची खांड सगळ्या गावाने अशी एका ओहोटीत बांधली. आवडाबाई त्या साखळीत कमरेइतक्या चिखलात उभी होती.

तिच्या खांडीचे काय, ते देवळापुढच्या बैठकीत ठरले. तिचा तुकडा आणि उरलेली खार यांच्यामध्ये एक जुना आडबांध होता. तो हातभर उंच केला की गाव सुरक्षित होत होते. टोकाची खांड बांधायची गावाला गरज नव्हती.

“मंग माझं शेत?” आवडाबाईने विचारले.

मागून कोणीतरी म्हणाले, “वैनी, भात गेला तर शेतात जिताडी मासे धरा. भाव बरा हाय.” चार माणसे हसली.

ती हसली नाही. म्हणाली, “गावानं बांधू नका. माझे दिवस हायत तुमच्याकडं, ते मना द्या.”

हसणे थांबले. एक जण म्हणाला, लावणीचे दिवस बायकांचे, बांधाचे काम गड्यांचे, ते कसे जुळायचे? चांगदेवाने त्याला गप्प केले. “दिवसाला दिवस. बाईचा काय आन् गड्याचा काय. वैनीचा येक दिवस बुडनार न्हाय, माझा शब्द.”

चांगदेवाने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिच्या बांधावर चार माणसे आली. भाकरी बांधून आली, मन लावून राबली, चिखलाची कंबरभर भिंत उभी केली आणि घरी गेली. संध्याकाळच्या भरतीने ती भिंत नेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन आली, नंतर पाच.

आवडाबाई चांगदेवाच्या दारात गेली. “भावजी, आसं नगं. सगले येका दिवशी या. येकाच ओहोटीला. एरवी पानी बांधतोय आपन.”

चांगदेव ओटीवर सुंभ वळत होता. “कसं यायचं वैनी? ज्याच्यात्याच्या शेतात खारं पानी साचलंय. ते काढायचं का तुमच्याकडं यायचं? ज्याला ज्या दिवशी सवड हाय तो त्या दिवशी येतोय. दिवस देतायत ना?”

“देतायत.”

“मंग?”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दुसऱ्याच्या गरजेच्या वेळी तिने दिलेले दिवस आता त्यांच्या ऐन हातघाईच्या वेळी परत येत होते. देणाऱ्याला एकेक दिवस जड जात होता, आणि तिच्या ते कामाचे नव्हते.

तिने आणखी एक करून पाहिले. सकाळी सखुबाईचा मुलगा अनंता फावडे घेऊन आला, त्याला म्हणाली, “आज जा बाबा. सांगीन तवा ये.”

अनंता घुटमळला. “काकी, मी भाकरी घेऊन आलोय.”

सावडीचा नियम तिलाही ठाऊक होता. भाकरी बांधून आलेल्या माणसाला परत धाडले तर त्याचा दिवस फिटला. ती बाजूला झाली. अनंता चिखलात उतरला.

पुढचे उधाण येईपर्यंत सगळ्यांचे दिवस फिटले. खांड तेव्हा दोन पुरुष रुंद झाली होती. चांगदेव देवळापुढे चार माणसांदेखत तिला म्हणाला, “वैनी, कुनाकडं काय न्हायलं आसंल तर आत्ताच बोला.”

“काय न्हाय.”

“मागनं बोल नको.”

“न्हाय.”

पुढच्या वर्षी त्या तुकड्यात तिवराची रोपे उभी राहिली.

लावणी आली तशी ती सवयीने पदर खोचून तयार झाली. पण बोलवायला कोणी येईना. शेवटी सखुबाई आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. “चांगदेव म्हनतो, येऊ दे तिला. मजुरी देऊ.”

“मजुरी कशाची? सावड हाय आपली.”

“तुझा दिवस फेडायचा कुठं गो? शेत कुठाय तुझं?”

आवडाबाईने रात्रंदिवस हाच विचार केला असावा, कारण उत्तर तयार होते. “घर शाकारा माझं. लाकडं फोडून द्या. कमळ आजारी पडली तर येक दिवस बसा तिच्याजवळ. दिवस तो दिवस.”

सखुबाईला ते पटले. तिने ते चांगदेवाच्या घरी सांगितलेही. तिथून उत्तर आले ते असे: आज हिचे घर शाकारले, तर उद्या वाडीवरचे कातकरीही येतील, आमच्याशी सावड करा म्हणून. त्यांनाही शेत नाही. मग मजुरीला कोण येणार?

गावच्या माणसांकडून मजुरी घ्यायची नाही, एवढे तिने ठरवले. ती दोन गावे ओलांडून मिठागरावर जाऊ लागली. तिथे मालक परका, मुकादम परका. पैसे घ्यायला लाज वाटत नव्हती. सकाळी जाताना वाटेत चांगदेवाचे शेत लागे. ती मान खाली घालून जाई.

मिठागरावर तिच्या पाटीला हात लावणारी शकू नावाची कातकरीण होती. बडबडी, तंबाखू मळताना कोणाचीही नक्कल करणारी. एकदा आवडाबाईच्या तोंडून छपराची गोष्ट निघाली: शेत नाही तर पेंढा नाही, गेल्या पावसात चूल भिजली. शकू म्हणाली, “मंग आमी येतू. गवत आमच्या डोंगराचा. पन मंग तू बी ये हां. आमचा घर काय राजाचा वाडा न्हाय, येका दिसात व्हतंय.”

“शेत न्हाय माझ्याकडं, शकू.”

“आमच्याकडं तरी कुठं हाय?” शकू खो खो हसली.

वैशाखात शकू आणि तिच्या वाडीवरच्या चार बाया गवताचे भारे घेऊन तळखारात आल्या आणि दिवस मावळायच्या आत छप्पर नवे करून गेल्या. आवडाबाईने त्यांना अंगणात जेवायला वाढले, घरात नाही. त्यांनी ते मनावर घेतले नाही. गावाने मात्र सगळे पाहिले.

आठवड्याने तिची पाळी होती. शकूचे छप्पर. वाडीवर जायचे, दिवसभर राबायचे, तिथेच भाकरी खायची. त्याच आठवड्यात कमळला पाहायला पलीकडच्या गावची माणसे यायची होती. स्थळ चांगदेवाच्या ओळखीचे. त्याने निरोप धाडला. धमकी नव्हती, फक्त एवढेच, की त्या दिवसांत वैनीने घरी असलेले बरे.

त्या सकाळी आवडाबाईने भाकरी बांधली. पदर खोचला. वाडीच्या वाटेला लागेपर्यंत ती गेलीही, असे सखुबाई सांगे. मग परत फिरली, घरी आली आणि ताप आहे म्हणून पडून राहिली. ताप नव्हता.

पुढे मिठागरावर तिने पाच जणींच्या मजुरीचे पैसे शकूच्या पुढे धरले. शकूने एकदा पैशांकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. नक्कल केली नाही, हसली नाही.

“आमी मजुरीला न्हवतू आलू,” ती म्हणाली.

आवडाबाईने हात मागे घेतला नाही. शेवटी दुसऱ्या एका बाईने ते पैसे उचलले, कारण पैसे पैसे असतात, आणि पावसाळा तोंडावर होता.

कमळचे लग्न त्याच वर्षी झाले. आवडाबाई त्यानंतर सहा-सात हंगाम मिठागरावर होती. तिच्या पाटीला हात लावायला मुकादम ज्याला सांगेल तो येई. वैशाखात घर शाकारायला ती परगावचे दोन गडी लावी. ते सांगितलेले काम करत, मजुरी मोजून घेत आणि अंधार पडायच्या आत निघून जात.