कोपरा फाडलेलं कार्ड

मी भेंडीच्या भाजीवर धोक्याची सूचना लावली आणि त्यामुळे खातेगावच्या काकूंनी दोन महिने आमच्याशी बोलणं टाकलं. माझ्या इतर चुकांच्या मानाने ही तशी किरकोळ वाटेल. पण तिच्यात आमच्या हिचे मामा आहेत, म्हणून सांगतो.

मामांइतका सावध माणूस अख्ख्या देवासात झाला नाही, आणि झाला असेल तर त्याने तसं आधी कळवलेलं नाही. एका कारखान्यात सुरक्षा खात्यात त्यांचा जन्म गेला. 'पुढे पायरी आहे', 'वर बघू नका, खाली बघा' अशा पाट्या रंगवून घेणं हे त्यांचं काम. मामा निवृत्त झाले, पाट्या झाल्या नाहीत. घरातल्या झोपाळ्यावर पाटी होती : 'हलतो'. लोणच्याच्या बरणीवर : 'यंदा तिखट'. फोन उचलला की 'हॅलो'च्या जागी 'सगळे सुखरूप आहेत' म्हणायचे, मग आपण कोण ते सांगायचे. कुणाकडे जायचं झालं तर फाटकातूनच हाळी द्यायचे, "कुणी गेलेलं नाही, सहज आलोय!" त्या घरचे लोक निर्धास्त व्हायचे, शेजारपाजारचे मात्र 'कोण गेलं, कोण गेलं' करत बाहेर यायचे. कॉलनीत कुणाच्या टीव्हीवर सिनेमा लागला, की मामा दारात उभे राहून सांगत, "मध्यंतरानंतर आई मरते. ज्यांना स्वयंपाक आहे त्यांनी तेव्हा उठावं." माझ्या लग्नाची बोलणी करायला ते धारला आमच्या घरी आले तेव्हा माझ्या आईला म्हणाले, "मुलगी मोठ्याने हसते. एकदा हसवून बघा, मग ठरवा." आणि परत जाऊन मुलीला म्हणाले, "मुलगा बोलतो फार. आधी पाणी पिऊन घे."

दोन हजार तीन-चारच्या सुमारास धार-देवासकडच्या मराठी मंडळींनी एक ई-मेल गट काढला. पुण्याला आणि परदेशी गेलेली मुलं त्यात होती, मागे राहिलेले आईबाप होते, आणि मराठी वाचताना घाम फुटणारे पण इंग्रजी अक्षरांत मराठी धडाधड लिहिणारे माझ्यासारखे होते. वयाने मोठे म्हणून मामांना गटप्रमुख केलं. प्रत्येक पत्र आधी त्यांच्याकडे जाई, मग सगळ्यांना. झालं. मामांना पाट्या लावायला नवीन भिंत मिळाली. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर त्यांची एक ओळ येऊ लागली. 'सावधान : यात श्रीखंड आहे, मधुमेहींनी जपून.' 'सावधान : यात दहावीचा निकाल आहे.' 'सावधान : लिहिणाराला सून आवडत नाही.' सायबर कॅफेवाला मला रस्त्यात गाठून म्हणायचा, "भिया, मामाजी आज फिर पूरे दो घंटे सावधान-सावधान टाइप करते रहे. कुछ खतरा है क्या शहर में?"

मला हा विषय मिळाला आणि मी सुटलो. भेंडीच्या भाजीची कृती लिहिली आणि वर माझीच पाटी लावली : 'सावधान : यात भेंडी उभी चिरली जाते. कोवळ्या मनाच्यांनी वाचू नये.' गट हसून लोळला. सरदारपूरहून 'सावधान : यात दाण्याचं कूट आहे' आलं. धारहून 'सावधान : यात जावई चार दिवस राहतो' आलं. महिनाभर भेंडीच भेंडी. मामांनी सगळी पत्रं मुकाट्याने पुढे पाठवली, आणि त्यांच्या खऱ्या पाट्या त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

मग मी माझा हातखंडा किस्सा लिहिला : महेश्वरला नर्मदेत बुडता बुडता मी कसा वाचलो. पाण्याबाहेर माझा नुसता हात राहिला होता, काठावरच्या मंडळींना वाटलं मी निरोप घेतोय, म्हणून त्यांनीही हात हलवला. मामांनी वर ओळ घातली : 'सावधान : यात नर्मदा आहे. बुडणं आहे.' आणि पत्र गेलं.

खातेगावच्या काकू म्हणजे त्या गटाचा जीव. निवृत्त शिक्षिका, चतुर्थीपासून मोहरीच्या फोडणीपर्यंत सगळ्याचं उत्तर त्यांच्याकडे. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा होता. तो मुलगा नेमावरच्या घाटावर नर्मदेत बुडाला, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. मला हे ठाऊक होतं. विसरलो होतो असंही नाही. लिहिताना आठवलं नाही, एवढंच. काकूंची एक ओळ आली : 'मला वाटलं, भेंडीसारखंच असेल.' त्यानंतर काही नाही.

मी मामांकडे गेलो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ट्रंकेतून एक जुनं पोस्टकार्ड काढलं. एक कोपरा फाटलेला. आमच्याकडे मरणाची बातमी कार्डावर जायची, आणि टाकण्याआधी कोपरा फाडायची रीत होती. हातात घेणाऱ्याला अक्षर वाचण्याआधीच कळायचं. तो बाहेर जाऊन बसायचा, मग वाचायचा, आणि वाचून फाडून टाकायचा.

"हे नाही फाडलं?" मी विचारलं.

"हे माझ्या वडिलांचं. नाही फाडवलं." त्यांनी कार्ड परत ठेवलं. "ई-मेलला कोपरा नसतो, जावईबापू. म्हणून मी वर ओळ लिहितो. आणि तुम्ही लग्नपत्रिकांचे कोपरे फाडत सुटलात."

मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, "कारखान्यात एक माणूस गेला होता. घरी सांगायला मला पाठवलं. बाईने दार उघडलं, मी बोलून टाकलं. तिच्या हातात दुधाचं पातेलं होतं. बातमी काय आपल्याच्याने बदलते होय? पण पातेलं खाली ठेवायला वेळ द्यायला हवा होता."

दोन महिने वाट पाहून आम्ही बसने खातेगावला गेलो. कन्नोदपर्यंत मी माफीची तीन भाषणं जुळवली. फाटकातून मामांनी नेहमीची हाळी दिली, "कुणी गेलेलं नाही, सहज आलोय!" काकूंनी दार उघडलं. मामा तसेच बाहेर उभे राहून म्हणाले, "सावधान. माझ्यामागे जावई आहेत."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पदर तोंडाला लावला. हसल्या की काय ते कळलं नाही. चहा मिळाला. तिन्ही भाषणं विसरून मी एवढंच म्हणालो, "चुकलो." त्या म्हणाल्या, "साखर पुरेशी आहे ना?" पुढच्या आठवड्यात गटावर त्यांचं पत्र आलं, भरल्या भेंडीचं. वर काहीही लिहिलेलं नव्हतं.

पाचेक वर्षांनी मामा गेले. झोपेत, कुणालाही आधी न कळवता, आयुष्यात पहिल्यांदाच. काकूंना फोन करायची माझी छाती झाली नाही. मामांच्या रीतीनेच करावं म्हणून कार्ड आणलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं, कोपरा फाडला आणि पेटीत टाकलं. कोपरा आधी फाडायचा आणि मग लिहायचं, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

पाचव्या दिवशी खातेगावहून फोन. "जावईबापू, कार्ड आलं. कोपरा बघितला, ओसरीवर बसले, मग वाचलं. 'कळविण्यास दुःख वाटते की आपले प्रिय', आणि पुढे काहीच नाही. नाव तुमच्या कोपऱ्याबरोबर गेलंय. कोण गेलं?"

"काकू, हातात काही आहे का?"

"काही नाही. सांगा."

सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्या दारात तुमचे मामा 'सावधान, माझ्यामागे जावई आहेत' म्हणाले, ती मी थट्टा समजले होते. ती पाटी होती."