कानाने पाईप निवडणारा

गिऱ्हाइकं त्याला कानसेन म्हणत. सव्वीस वर्षं तो हौशी लोकांच्या गाड्यांना सायलेन्सरचे पाईप आणि हवेचे फिल्टर बसवत आला होता. कुठल्या इंजिनाला काय शोभेल हे तो कानाने ठरवतो, अशी त्याची ख्याती होती. मशिनवरचे आकडे तो नंतर बघायचा, तेही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

आता मात्र त्याला या सगळ्याचा वीट आला होता. रोज कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ घेऊन यायचं आणि म्हणायचं, "अस्साच आवाज पाहिजे." व्हिडिओतल्या गाडीचं इंजिन यांच्या इंजिनाच्या तिप्पट. मग तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. छोट्या इंजिनाला जाडजूड पाईप लावला की आवाज वाघाचा येतो, पण चढावर गाडी धापा टाकते. बॉनेटखालचा उघडा फिल्टर चमकतो झकास, पण ओढतो इंजिनाचीच गरम हवा. सांगून सांगून तोंडाला फेस यायचा. लोक माना डोलवायचे आणि शेवटी सगळ्यात जाड पाईपवर बोट ठेवायचे.

पण वैतागाचं खरं कारण वेगळंच होतं. त्याचे कान गेले होते. पूर्ण नाही. घरघर, हातोडा, लोकांची बडबड हे अजून ऐकू यायचं, नको तितकं यायचं. बारीक आवाज तेवढे गेले होते, आणि त्याच्या कामाची सगळी मदार त्यांच्यावरच. इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडायला लागलं की ते आतून टिणटिण करतं, पत्र्याच्या डब्यात कुणी खिळा हलवावा तसं. ती टिणटिण कुणी ऐकली नाही आणि गाडी तशीच दामटली, तर पिस्टनचा निकाल लागतो.

तरी दोन वर्षं निभावलं होतं, ते बायकोमुळे. पार्टिशनच्या पलीकडे ती सीटची कव्हरं शिवायची. त्याने इंजिन ताणलं की तिचं शिलाई मशिन थांबायचं. मग ती काहीतरी शोधायच्या निमित्ताने बाहेर यायची आणि जाता जाता म्हणायची, "वाजतंय हो काहीतरी." तो म्हणायचा, "माहितीये." माहीत नसायचं, आणि ते तिलाही कळत होतं. घरी या विषयाला दोघांपैकी कुणीच हात घातला नव्हता.

गेल्या शनिवारी तिने दोन गिऱ्हाइकांसमोरच सांगितलं, "टिणटिणतंय." त्यातला एक हसला. "काय कानसेन, आता वहिनी बघतात वाटतं सगळं?" त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "तू तुझं शिवण बघ," तो तिच्यावर खेकसला. "यातलं तुला काय कळतं?" ती आत गेली. लोक गेल्यावर त्याने ती गाडी गुपचूप दुरुस्त केली. चुकलं एवढं म्हणायला काय जात होतं? पण ते राहिलं, आणि दिवस जातील तसं अवघड होत गेलं. पाच दिवस ती पार्टिशनबाहेर आली नव्हती.

आज दाताचे डॉक्टर आले होते. टर्बो बसवलेली छोटी गाडी, तिच्यावर पोटच्या पोरासारखी माया. गिऱ्हाईक गुणी होतं. मध्यम जाडीचा पाईप त्यांनी मुकाट्याने मान्य केला. फिल्टर मात्र मोठाच हवा होता, बंपरमागून गार हवा ओढणारा. तोही दुपारपर्यंत बसला. उद्या पहाटे ते आईला घेऊन बहिणीकडे जाणार होते, चारशे किलोमीटर.

गाडी जागच्या जागी पळते त्या रोलरवर चढवून त्याने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चढत गेला, तीन हजार, साडेतीन, चार. शेड दणाणली. त्याने कान टवकारले, डोळे मिटले, मान तिरकी केली, सगळं नेहमीसारखं केलं. घरघर तेवढी आली. पार्टिशनच्या काचेतून बायको दिसत होती. तिचं मशिन थांबलं होतं. हात चाकावर, मान खाली. ती उठली नाही.

त्याने पुन्हा गाडी ताणली. पुन्हा तेच.

"एकदम मस्त ना?" डॉक्टरांनी विचारलं.

'मस्त' हा शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता. तो म्हटला की काम संपलं असतं, घरी जाऊन पडता आलं असतं. सव्वीस वर्षांची अब्रूही शाबूत राहिली असती. पण उद्या त्या गाडीत शेजारी म्हातारी आई बसणार होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. इंजिन बंद करून तो उतरला आणि पार्टिशनच्या दाराशी गेला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. डॉक्टरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "बरेच दिवस झाले. टिणटिण येतेय का, तू सांग."

तिने वर पाहिलं. तिचा चेहरा ओढल्यासारखा दिसत होता. पाच दिवसांचा नव्हे, दोन वर्षांचा तो शीण होता.

"साडेतीनच्या पुढे येतेय," ती म्हणाली. "पहिल्या वेळेलाच आली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते."

"आणि नसतं विचारलं तर?"

तिने मांडीवरचं कव्हर बाजूला ठेवलं. "तर डॉक्टरांना सांगितलं असतं. आणि उद्यापासून इथे आले नसते."

डॉक्टर उगाच टायरकडे बघत उभे होते. त्याने त्यांना सांगितलं की आज जुना फिल्टर परत बसेल, नवीन पाहिजे असेल तर पेट्रोलचं गणित आधी बदलावं लागेल, आणि त्याला दोन दिवस लागतील. डॉक्टर लगेच "चालेल" म्हणाले.

फिल्टर बदलून तो पुन्हा गाडीत बसला. बायको बॉनेटपाशी येऊन उभी राहिली. आवाज आला तर तिने हात वर करायचा, एवढंच ठरलं. तिचा हात खालीच राहिला. मग, नक्की काय बिघडलं होतं ते डॉक्टरांनाही कळावं म्हणून, त्याने मोठा फिल्टर तात्पुरता पुन्हा जोडला आणि गाडी ताणली.

हात तीनदा वर गेला. तिन्ही वेळा त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.