गजांबाहेरचं ऊन
हाताला तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि राइट टाउनचं माहेर आठवलं. आईची हाडं ठिसूळ झाली होती. डॉक्टरांनी ऊन घ्यायला सांगितलं होतं, पण जिन्याला बंदी केली होती, आणि ऊन तर गच्चीवर! तिने एकटीने जिना चढू नये म्हणून बाबा फॅक्टरीत जाताना बाहेरून कडी लावत. एका दुपारी मी कडी काढून आत गेले, तर खिडकीच्या गजांतून तिचा हात कोपरापर्यंत बाहेर होता आणि खालून भाजीवाला विचारत होता, “क्या दूँ, अम्माजी?” “कुछ नहीं भैया, धूप ले रही हूँ.” मग मला म्हणाली, “रोज फसते बिचारा. पण दिवसभरात तोच एक बोलते माझ्याशी.” काल माझ्याही हाडांचा रिपोर्ट आला. आज सकाळी मुलगा “आई, सीढ़ी मत उतरना” म्हणाला, आणि बाहेरून कडी लागली.