बुवांचा गंधार

माणूस बोलायला लागला की पेटीवाले चाचा त्याचं म्हणणं नंतर ऐकत, आधी त्याची पट्टी ठरवत. माझे आईवडील पहिल्यांदा त्यांना भेटून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तुझे वडील काळी दोनमधी चिडतात अन् आई समजूत घालते पांढरी पाचात. मग घरात कटकट व्हनारच की." हे इतक्या गंभीरपणे, की हसावं की नाही तेच कळेना. लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्लीत त्यांचं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्याने पायरीवर टेकायचं.

शाळेत प्रार्थनेला पेटी मी वाजवायची. मी नववीत असताना ती बिघडली, बाईंनी मला तिच्यासोबत चाचांकडे पाठवलं, आणि मी तिथेच चिकटले. शिकवा म्हटलं तर म्हणाले, "कान आधी, बोटं मग." वर्ष गेलं तरी ते 'मग' काही उगवेना. पेटीत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांनाच सूर म्हणतात. टोकाशी कानस फिरवली की सूर चढतो, बुडाशी फिरवली की उतरतो. दोन सूर एकदम वाजवून चाचा विचारत, "लहर येऊन राहिली का?" दोघांत केसाएवढा फरक असला तरी आवाज लहरतो. मी गाणी वाजवायला गेले होते आणि हे बाबा माझ्या हातात कानस नि झाडू देत होते. असा संताप यायचा! पण दहावी होईतो कुठला सूर ढळलाय ते मला भाता दोनदा हलला की कळायला लागलं होतं.

तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. चाचांच्या डोक्यावरच्या माडीतही एक निघाला. खाली षड्ज, वर रसायनशास्त्राची समीकरणं, तीही घोकून घेतलेली. "पन्नास पोरं वरडून राहिलेत अन् एक बी सुरात न्हाई," चाचा कपाळाला हात लावत. अकरावीला मी पहाटे पाचला सायकल हाणत पहिला क्लास गाठायची, मग कॉलेज, मग दुसरा क्लास, आणि संध्याकाळी चाचांकडे भाता ओढता ओढता डुलकी. बाबा तहसीलमध्ये कारकून. मला डॉक्टर करायचं त्यांनी माझ्या बारशालाच ठरवलं असावं. एक दिवस म्हणाले, "हे बघ माय, दिवाळीला मी चाचांना विचारनार. हिला येतं, असं ते म्हनले तर पेटी ऱ्हाऊ दे. न्हाईतर बंद." झालं! 'येतं' एवढा एक शब्द चाचांच्या तोंडून निघावा म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

गणपती बोळवले आणि दिवस उजाडायच्या आत भूकंप झाला. आमच्याकडे भांडी पडली, भिंतीला तडे गेले. औशाकडच्या गावांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, ते पुन्हा सांगायचं बळ आता माझ्यात नाही. आठवड्यात क्लास सुरू झाले. आणि चाचांकडे ढिगाऱ्यातून काढलेल्या पेट्या येऊ लागल्या. भजनी मंडळांच्या. भात्यात माती, सुरांत माती. चाचा एकेक सूर सोडवून ब्रशने झटकत आणि आणणाऱ्याला काही म्हणजे काही विचारत नसत. "सांगायचं असंल तर सांगतील, बेटा. आपन माती काढायची."

त्यातली एक पेटी माणिकतात्यांनी आणली. कपाळाला पट्टी, अंगात कुणाचातरी मोठा शर्ट. त्यांच्या मंडळातले चौघे उरले होते. पुढे उभं राहून गाणारे बुवा गेले होते. त्याच दिवशी चाचा तापाने पडले. मी मनाशी म्हटलं, ही पेटी आपण एकटीने करायची, म्हणजे दिवाळीला चाचांना 'येतं' म्हणावंच लागेल. दोन संध्याकाळी बसून सगळी माती काढली. मधल्या सप्तकात पांढरी चार चांगलीच उतरलेली निघाली. मी टोकाशी कानस लावून ती अगदी जागेवर आणली. लहर नाही, काही नाही. स्वतःवरच खूश!

माणिकतात्या न्यायला आले तोवर चाचा उठून बसले होते. तात्यांनी काळी एक धरून भजन सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले.

"पेटी आमचीच हाय," ते म्हणाले, "पर आवाज आमचा न्हाई."

चाचांनी पांढरी चार, म्हणजे काळी एकचा गंधार, दाबून पाहिली आणि माझ्याकडे वळले. "गंधाराला हात लावला?"

"उतरला होता. मी चढवला."

"उतरला नव्हता, बेटा. लई वर्सांमागं मीच उतरवला होता." चाचांचा आवाज अगदी खाली गेला. "बुवा गंधार जरा खालीच लावायचे. सगळं मंडळ त्यांच्यामागं तसंच. पेटी भांडायला लागली, म्हनून मी तिलाच बुवांसारखी केली."

अरे देवा! बुवांचं एवढंच काय ते मागे राहिलं होतं, आणि ते मी माझ्या हाताने कानसून टाकलं होतं.

चाचांनी सूर काढून बुडाशी कानस लावली. तात्यांना म्हणाले, बुवांसारखं गाऊन दाखवा. तात्यांनी लावला, पण दर वेळी वेगळाच. मग चाचा मला म्हणाले, "मातीतनं काढल्यावर तूच ऐकला होता शेवटचा. आठव. कुठं होता?" मी डोळे मिटले. काही म्हणजे काही आठवेना. मला एवढंच आठवत होतं की तो चुकलेला होता. मी त्यातली चूक ऐकली होती, त्याला ऐकलंच नव्हतं.

शेवटी चाचांनी अंदाजाने एका जागी हात थांबवला. तात्यांनी वाजवून पाहिलं, खाली बघत म्हणाले, "हाव, असाच व्हता." तो तसा नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

दिवाळीला बाबांनी विचारलं. चाचा म्हणाले, "येतं हिला. कान लई तेज हाय." ज्याच्यासाठी इतके दिवस जीव टाकला तो शब्द मिळाला, आणि मीच म्हटलं, "बाबा, मला क्लासच करू द्या." बाबांना वाटलं, पोरगी शहाणी झाली.

डॉक्टर काही झाले नाही. आता नांदेडला क्लासमध्येच भौतिकशास्त्र शिकवते, दिवसाला पाच बॅचेस. रात्री घसा बसतो आणि घरात कुणाशी बोलवत नाही. पेटी का सोडली असं कुणी विचारलं की म्हणते, क्लासमुळे. लोकांना पटतंही. खरं कारण चाचांना माहीत होतं, आणि ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

ते असताना एकदा मी सुट्टीत लातूरला आले, तर चाचा मला म्हणाले, "चल, तात्यांच्या गावाला भाता बघायचा हाय." मी नको नको म्हणत होते, तरी नेलंच. गाव नव्या जागेवर वसलेलं, सगळी घरं रांगेत, एकसारखी. संध्याकाळी भजन बसलं. मंडळात नवी पोरं आली होती, पंधरा-वीस जण असतील. गंधाराची जागा आली आणि सगळेच्या सगळे एका जागी येऊन ठेपले. चाचांनी त्या दिवशी अंदाजाने थांबवला होता, नेमके तिथेच. भजन मध्येच थांबवून तात्या एका पोराला सांगत होते, "नीट लाव. आपले बुवा असाच लावायचे."

मी चाचांच्या कानाशी लागले. "चाचा, हा तो नाही."

"गप," चाचा म्हणाले. "आता ह्योच हाय."

एक सूर केसाएवढा ढळला तर ज्यांना जेवण जात नसे, ते चाचा डोळे मिटून, मोकळ्या गळ्याने, त्या सगळ्यांसोबत त्याच गंधारात गाऊ लागले. मीही तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.