सोमवारची गोळी

आमच्या मांडवीच्या घरात मासे सासूबाईच साफ करायच्या. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी मला त्या विळीजवळ फिरकू दिलं नव्हतं. "तुझ्या हातचा बांगडा म्हणजे निम्मा मांजराला," असं त्यांचं मत. त्यामुळे रोज सकाळी उठल्यावर त्यांची बोटं वळेनाशी झाली तेव्हा सगळ्या घराचीच घडी विस्कटली. आमवात निघाला. सांध्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदा कोल्हापूरहून रत्नागिरीला येतात. आम्ही समोर बसलो की ते आधी म्हणायचे, "मूठ मिटा." सासूबाईंची बोटं अर्ध्यातच अडायची.

डॉक्टरांनी गोळी दिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची, आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. एका तपासणीवरून सूज उतरतेय का ते कळणार, बाकीच्यांवरून औषध अंगाला झेपतंय का ते. सासूबाईंना हे रक्ताचं प्रकरण मुळीच पटलं नाही. "दर महिन्याला एवढं रगत नेतात, करतात काय गो त्याचं?" मी एकदा समजावलं, दोनदा समजावलं, मग चिडले.

गोळीचं मात्र त्यांनी स्वतःच बसवून टाकलं. सोमवारी आमच्याकडे म्हावरं शिजत नाही, म्हणजे मासे बंद. "ताटात म्हावरं नाय, त्या दिवशी गोळी. इसरायचा प्रश्नच नाय." डोकं चालतं म्हातारीचं, असं मला वाटलं. माझा नवरा जहाजावर असतो. निघताना त्याने आईच्या गोळ्यांची बरीच पाकिटं आणून ठेवली होती, त्यामुळे तीही चिंता नव्हती. उन्हाळाभर सगळं सुरळीत चाललं. सूज उतरत होती, पण फार सावकाश.

श्रावणात मात्र त्यांची बोटं चांगलीच सैल झाली. एक दिवस नारळ खवायला बसल्या. मी खूश. पुढे त्यांचं तोंड आलं, तिखट जाईना. उपासाचे शेंगदाणे बाधले असतील म्हणून मी तूप लावायला दिलं. मग त्या दुपारी झोपायला लागल्या, जिना चढताना मध्येच थांबायला लागल्या. त्यातच रक्त द्यायची तारीख आली आणि त्या अडून बसल्या. "हात बरे झाले ना? मग आता कशाला टोचून घेऊ? आणि पावसाचं जायचं?"

"रक्त दिल्याशिवाय गोळी नाही, डॉक्टरांनी बजावलंय," मी शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, आणि रिक्षा बोलावली.

रिपोर्ट एरवी मोबाइलवर येतो. त्या संध्याकाळी लॅबमधून फोनच आला. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्यात, ताबडतोब डॉक्टरांशी बोला. मी फोन लावला. डॉक्टरांनी एकच विचारलं, "गोळी कधी घेतात?"

"सोमवारी," मी म्हटलं आणि खात्रीसाठी सासूबाईंकडे वळले. "आई, सोमवारीच घेता ना?"

"म्हावरं नसतं त्या दिवशी," त्या म्हणाल्या.

श्रावण चालू होता. आमच्या घरात श्रावणभर म्हावरं येत नाही.

"म्हणजे रोज?"

"मग? तसंच ठरलं होतं ना?"

डॉक्टर अजून फोनवरच होते. मी त्यांना सांगितलं.

त्याच रात्री त्यांना दवाखान्यात ठेवलं. औषधाला उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू झाली, आणि रोज रक्त. आता त्या कुरकूर न करता हात पुढे करायच्या. आणखी आठवडाभर कळलं नसतं तर हाताबाहेर गेलं असतं, असं तिथले डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले. गोळी बंद होती, त्यामुळे बोटं पुन्हा सुजली. एका सकाळी खाटेवरून त्या म्हणाल्या, "तेच बरं होतं गो. हात तरी चालत होते."

"हात चालले असते, आई, तुम्ही राहिला नसता!" मी ओरडले. नर्सने वळून पाहिलं. मी व्हरांड्यात गेले आणि भरपूर रडले. या बाईशिवाय मी त्या घरात कोणाशी भांडणार होते?

पेशी हळूहळू वर आल्या. रिपोर्ट मनासारखा आल्यावरच सांध्यांच्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, तीही थोडक्यापासून. तो सगळा हिवाळा मासे मी साफ केले, आणि सासूबाई शेजारी स्टुलावर बसून माझ्या चुका काढत राहिल्या. गोळ्यांचा डबा तेव्हापासून माझ्या कपाटात असतो.

यंदाच्या श्रावणात एका दुपारी मी त्यांना वरणभात आणि अळूचं फदफदं वाढलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि सवयीने माझ्यापुढे तळहात पसरला. मी काही बोलणार, एवढ्यात त्यांनाच आठवलं.

"आज मंगळवार," त्या म्हणाल्या आणि मूठ मिटून घेतली. चारही बोटं तळहाताला टेकली होती.